दापोली ते जैसलमेर, एकटीनेच

पत्र थोडक्यात असं आहे. दापोली तालुक्यातल्या समुद्राजवळच्या एका गावातली मैत्रीण, वय ३७. घरचा चार खोल्यांचा होमस्टे ती आणि सासूबाई मिळून चालवतात, नवरा जहाजावर, तो फेब्रुवारीत उतरणार, मुलगा नववीत. गेल्या महिन्यात एक मुलगी एकटीच गाडी चालवत त्यांच्याकडे आली, दोन दिवस राहिली आणि निघताना "आता कुठे?" विचारलं तर म्हणाली, "बघू, ठरवलं नाही." तेव्हापासून हिच्या डोक्यात एकच घोळतंय. पहाटे उठायचं, आपली वॅगनआर काढायची आणि सरळ जैसलमेर गाठायचं, जिथे कुणी "कुणाची गो तू" विचारणार नाही. कुणाला सांगायचं नाही, गुजरात लागल्यावर घरी फोन करायचा, कारण आधी सांगितलं तर जाऊच देणार नाहीत. काही ठरवायचंही नाही, कारण "माझं अख्खं आयुष्य ठरवण्यात जातं, उद्या माणसं किती, सुरमई किती, मोदक किती." नऊ वर्षं गाडी चालवतेय, घाटाची भीती नाही. तिचा प्रश्न आहे, हा वेडेपणा आहे की स्वार्थीपणा?

अगो, दोन्ही नाही. (तुला अगंतुगं करतेय, चालेल ना, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस.) पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसू आलं, कारण मी ४६ वर्षांची असताना रत्नागिरीहून असंच एकटीने गाडी काढून थरच्या वाळवंटात गेले होते, आणि जायच्या आधी महिनाभर स्वतःला हेच दोन शब्द विचारत होते. तेव्हा जाऊ नकोस असं तर मी सांगणारच नाहीये. पण तुझ्या पत्रात तीनचार गोष्टी तू अगदी पक्क्या धरून चालली आहेस त्या जरा हलवून बघूया.

पहिली गोष्ट ती पाहुणी. ती "बघू, ठरवलं नाही" म्हणाली ते तू ऐकलंस, पण तिच्या डिकीत काय होतं ते पाहिलंस का? माझी पैज आहे की स्टेपनीत हवा होती, हवा भरायचा छोटा पंप होता, चार्जिंगची सोय होती आणि तिच्या आईच्या नाहीतर मैत्रिणीच्या फोनवर तिचं लोकेशन चालू होतं. अचानक निघणारी माणसं असतात ना, त्यांची बरीचशी तयारी कायमची झालेली असते म्हणून त्यांना अचानक निघता येतं. तू नाही का, रात्री नऊला सहा माणसं फोन न करता दारात उभी राहिली तरी अर्ध्या तासात पिठलंभात घालतेस, ते काय अचानक होतं? घरात बेसन असतं म्हणून होतं.

आणि खरं सांगू, तुला प्लॅनिंगचा कंटाळा आलाय असं मला वाटत नाही, तुला दुसऱ्यांसाठी प्लॅनिंग करायचा कंटाळा आलाय. हे मी उगाच शब्दांचा खेळ म्हणून नाही म्हणत, कारण यावरून पुढचं बरंच ठरतं. कुणाचं जेवण, कुणाची गादी, कुणाला गरम पाणी हे डोक्यातून जायला हवंय. त्यासाठी टायर न तपासता निघायची गरज नाही गं, ते तपासायला पंधरा मिनिटं लागतात आणि ती तुझ्या स्वतःसाठी असतात.

आता वाळू. तू किनाऱ्यावरची, तुला हे बरोब्बर कळेल. दर सुट्टीत पुण्या-मुंबईची एखादी गाडी आपल्या पुळणीवर उतरते, ओल्या वाळूवर मस्त चालते, मग कोरड्या वाळूत चाक बसतं, तो अ‍ॅक्सिलरेटर देत राहतो, गाडी खोल खोल जाते, तिकडून भरती यायला लागते आणि मग गावातली पोरं दोरखंड नाहीतर ट्रॅक्टर घेऊन जातात. गावात दोन दिवस हसायला विषय. तू पण हसली असशील, मी तर हसतेच. पण तो माणूस मूर्ख असतो का? तो त्याच्या शहरात उत्तम गाडी चालवत असेल, त्याला फक्त ही जागा माहीत नाही आणि आपल्याला माहीत नाही हेही माहीत नाही. जैसलमेरला तो माणूस तू असणार आहेस. नऊ वर्षांचा घाट तिथे उपयोगाचा नाही, रस्ते सरळसोट आहेत, तिथे झोप लागते ही खरी भानगड. आणि भरतीला तरी वेळापत्रक असतं, तिथल्या वाऱ्याला नसतं, डांबरी रस्त्यावरसुद्धा वाऱ्याने वाळूची जीभ आलेली असते, वळणावर अचानक.

त्यामुळे एक गोष्ट अगदी सरळ सांगते. वॅगनआर डांबर सोडून वाळूत घालायची नाही, कुणी कितीही "मॅडम आगे रास्ता है" म्हणालं तरी. वाळूच्या टेकड्या बघायला उंट आहेत, जीपवाले आहेत, त्यांना पैसे दे. तरीही चाक रुतलंच तर अ‍ॅक्सिलरेटर सोड, उतर, पुढच्या चाकांपुढची वाळू हाताने काढ (जोर पुढच्याच चाकांना असतो या गाडीत), पायाखालच्या रबरी मॅट चाकाखाली सरकव, हवा साधारण १८ पीएसआयपर्यंत उतरव आणि हळूच बाहेर काढ. डांबरावर आलीस की लगेच हवा परत भर, कमी हवेत पळवलंस तर टायर तापून फुटेल. आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, सावली करून गाडीपाशीच थांबायचं. गाडी लांबून दिसते, माणूस नाही दिसत.

पाण्याचं मात्र मला जास्त बोलायचंय, कारण तिथे मी स्वतः आपटलेय. आपल्याकडे कसं, नोव्हेंबरातसुद्धा अंगण झाडलं की ब्लाउज पाठीला चिकटतो, म्हणजे घाम येतोय हे शरीर सांगतं. तिथली हवा इतकी कोरडी की घाम आल्या आल्या वाळतो, तुला वाटतं छान सुकी हवा आहे, घामच नाही, आणि तू पाणी पीत नाहीस. मी बाडमेरच्या अलीकडे पोचले तेव्हा डोकं फुटत होतं, वाटलं उन्हाचा चष्मा विसरले म्हणून असेल. ढाब्यावरच्या म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे बघून न विचारता मीठ घातलेलं ताक आणून ठेवलं, एकामागे एक तीन ग्लास, आणि मग म्हणाला आता बसा तासभर. तेव्हापासून माझा नियम साधा आहे, तहान लागायची वाट बघायची नाही, दिवसाला पाच लिटर पोटात गेलं पाहिजे, आणि लघवी गडद पिवळी झाली की तिथेच थांबायचं. शिवाय दहा लिटरचा कॅन वेगळा, तो फक्त अडकलीस तर. ओआरएसची पाकिटं घे, नाहीतर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आमसुलं तुझ्याकडे असतीलच, आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली घे, मीठ घातलेलं आगळ पाण्यात टाकून मी पुढचे आठ दिवस काढले. ओठांना आणि नाकात लावायला खोबरेल पण घे, नाक आतून कोरडं पडून रक्त येतं कधीकधी, घाबरू नकोस.

पावसाचा हिशोब ऐक म्हणजे अंदाज येईल. जैसलमेरला वर्षभरात मिळून दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांच्या वर. त्यांचं अख्खं वर्ष आपल्या जुलैतल्या एकदोन दिवसांत उरकतं कधीकधी. तू पाण्यातून उठून तिथे चालली आहेस हे लक्षात असू दे.

कधी जायचं? तू लिहिलंस "या आठवड्यातसुद्धा निघू शकते." नको. दिवाळीची बुकिंगं तुझ्या डोक्यावर आहेत, ती सासूबाईंवर टाकून गेलीस तर जैसलमेरच्या किल्ल्यावर उभी राहून तू गाद्यांचाच विचार करशील. आणि तिकडे ऊनही अजून उतरलेलं नसतं. मेमध्ये तर विचारूच नकोस, २०१६च्या मेमध्ये फलोदीला ५१ अंश गेलं होतं, ते जैसलमेरच्याच बाजूला. पावसाळ्यात तुला सुट्टी असते हे मला माहीतेय, पण तेव्हा रस्ते आपल्याकडचेच वाईट आणि कच्छचं रण पाण्याखाली. तुझ्यासाठी एकच फट आहे, तुळशीचं लग्न झालं, दिवाळीचे पाहुणे गेले, की नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आत. दहाबारा दिवस मिळतात बघ. दिवसा छान ऊन, रात्री मात्र चांगलीच थंडी, आपल्याकडची शाल पुरायची नाही, स्वेटर आणि कानटोपी लागेल, उसनी आण पुण्याच्या कुणाकडून तरी.

अंतर साधारण तेराशे किलोमीटर, एका बाजूने. तू पहाटे निघून "सरळ गाठायचं" म्हणतेस ते दोन दिवसांत करायला जाशील तर दुसऱ्या संध्याकाळी डोळे मिटतील. चार दिवस घे. मंडणगडवरून हायवेला लाग, पनवेल, घोडबंदर-वसईचा तो वैताग, आणि पहिला मुक्काम वापी-वलसाडकडे. दुसरा पालनपूरला. तिसऱ्या दिवशी सांचोरवरून बाडमेर, आणि बाडमेर ते जैसलमेर चौथ्या दिवशी सकाळी, ते जेमतेम दीडशे किलोमीटर आहे पण तेच बघण्यासारखं आहे, घाई करू नकोस. अंधार पडला की गाडी उभी, हा नियम मोडायचा नाही. रस्त्यात गाई बसतात, नीलगाई आडव्या येतात, उंट तर रात्री दिसतच नाही, पाय दिसतात आधी. टाकी अर्धी झाली की भरायची, पुढे पंप आहे का हे बघत बसायचं नाही. जाऊनयेऊन आणि तिकडे फिरून दीडशे लिटर पेट्रोल धर. नॅशनल हायवेवर काही झालं तर १०३३, बाकी कुठेही ११२, दोन्ही कागदावर लिहून ठेव, फोन मेला तर नंबर आठवत नाहीत. मॅप आधीच डाउनलोड करून ठेव.

एवढं चालवायचं नसेल तर वांद्र्याहून सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूर आणि तिथून भाड्याची गाडी, हा रस्ता पण वाईट नाही, जैसलमेर तिथून पोखरणवरून २८० किलोमीटरच्या आसपास. ज्या मैत्रिणी हे वाचतायत आणि ज्यांना हायवेची सवय नाही त्यांना मी हेच सांगेन. तुला मात्र आपलीच गाडी हवी आहे, ते कळलं मला. फक्त एक, ती गाडी मासळी आणायला हर्णैला जाते आणि सिलिंडर आणायला दापोलीला जाते, तेव्हा ते दहा दिवस गावातल्या कुणा रिक्षावाल्याला आधी सांगून ठेव.

आता मुख्य. न सांगता जायचं, हे.

तू लिहितेस की सांगितलं तर जाऊ देणार नाहीत. कोण? नवरा जहाजावर आहे, मुलगा नववीत आहे, राहिल्या सासूबाई. त्यांना विचारलंस का कधी? पत्रात कुठेच नाहीये की त्या अमुक म्हणाल्या, सगळीकडे "म्हणतील" आहे. त्यांचं वय मला माहीत नाही, पण त्या पिढीतल्या आपल्याकडच्या बायका म्हणजे नवरे मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणार, बाकी वर्षभर शेती, गुरं, पोरं, सासूसासरे, कोर्टकज्जे सगळं एकटीने. आपल्या कोकणातल्या बायका एकटं राहण्यात तरबेज आहेत, एकटं जायची सवय कुणी लावली नाही. तेव्हा ती बाई "एकटी?" म्हणून घाबरेल की नाही मला सांगता येत नाही. कदाचित घाबरेल. कदाचित म्हणेल गाडीत मागची सीट रिकामीच आहे ना. तेही तुला नको असेल तर तेही सांगायला लागेल, आणि ते जास्त अवघड आहे, मला माहीतेय.

न सांगता जाण्यात एक गंमत आहे हे मी नाकारत नाही. पण गुजरातमधून तू फोन करशील तेव्हा सहासात तास झालेले असतील, आणि आपल्या गावात गाडी दारात नाही हे सात वाजता चार घरांना कळतं. कुणीतरी मुलाला शाळेत विचारेल, आई कुठे गेली रे तुझी? त्याच्याकडे उत्तर नसेल. इथे मात्र मी तुझ्या बाजूने नाही.

परवानगी मागू नकोस, तारीख सांग. "मी तुळशीच्या लग्नानंतर दहा दिवस जैसलमेरला जातेय, बुकिंग बंद ठेवलंय, गॅस भरलाय." तुझा नवरा जहाजावर जाताना परवानगी मागतो का, तारीखच सांगतो ना? तो कामाला जातो हे खरंय, पण सांगायची पद्धत तरी तीच घेऊ. आणि त्याच्याकडून आणखी एक गोष्ट घे. जहाज समुद्रात कुठेही असो, रोज दुपारी बारा वाजता तिथून कंपनीला नून रिपोर्ट जातो, कुठे आहोत, वेग किती, इंधन किती उरलं. मधल्या वेळेत कंपनी पाच मिनिटांनी फोन करत बसत नाही. तू तेच कर. रोज दुपारी बारा आणि मुक्कामाला पोचल्यावर, दोनच मेसेज, एकाच माणसाला, कुठे आहे, उद्या कुठे, टाकी किती. त्या माणसाला आधीच सांगून ठेव की रात्री आठपर्यंत मेसेज नाही आला तर मुक्कामाच्या जागी फोन कर, दहापर्यंत पत्ता नाही लागला तर ११२. हा माणूस म्हणजे रडणारा, घाबरणारा नको, बहीण असेल तर बहीण, नाहीतर तुझी ती दापोलीतली मैत्रीण जिचा उल्लेख तू ओझरता केलायस. बाकी दिवसभर फोन बघायचा नाही, आणि तोच तुला हवा असलेला मोकळेपणा आहे ना?

राहण्याचं म्हणशील तर वाटेतले मुक्काम आणि जैसलमेरची पहिली रात्र बुक कर, पुढचं तिथे जाऊन ठरव, तेवढं "बघू" तुझं. तू स्वतः होमस्टेवाली, फोनवर पहिल्या दोन वाक्यांत माणूस कळतो तुला, तेच कान वापर. शहर जवळ आलं की बाईकवरून गाडीच्या मागे लागणारे हॉटेलचे एजंट भेटतील, काच खाली करू नकोस. सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या शहरापासून चाळीसेक किलोमीटर, तिथे तंबूंची रांग आणि रात्री स्पीकर, आपल्या मेमधल्या किनाऱ्यासारखंच, तुझं डोकं उठेल. त्यापेक्षा खुरी बघ, साधारण तेवढंच लांब पण गाव आहे, घरात राहता येतं. सीमेजवळच्या तनोट मातेच्या देवळात जाणार असशील तर जैसलमेरमध्येच टाकी भरून घे, जाऊनयेऊन अडीचशे किलोमीटर होतात, सीमेकडे नेटवर्क जातं, आधारकार्ड जवळ ठेव आणि लष्कराच्या गाड्यांचे, चौक्यांचे फोटो काढू नकोस.

आणि तिथे कुणी "कुणाची गो तू" विचारणार नाही असं जे तुला वाटतंय ना, ते सोडून दे. आपल्यापेक्षा जास्त विचारतात. कुठून आलात, एकट्याच का, नवरा काय करतो, मुलं किती, गाडी कितीला घेतली. मला पहिल्या दिवशी राग आला, तिसऱ्या दिवशी मी उत्तरं द्यायला लागले, आणि मग लक्षात आलं की उत्तरं काहीही दिली तरी चालतात. इथे "देवळाजवळच्या अमक्यांची सून" एवढंच उत्तर असतं, तिथे तू तुला हवं ते सांगू शकतेस. मी एकीला सांगितलं मी भूगोलाची मास्तरीण आहे. का सांगितलं देव जाणे.

निघायच्या आधी एक करून बघ, हवं तर. आपल्या वरच्या सड्यावर एक संध्याकाळ एकटी जा, कातळावर, जिथे झाड नाही आणि सावली नाही, फोन गाडीत ठेव आणि अंधार पडेपर्यंत बस. सोबत कुणी नाही आणि करायला काही नाही, हे तुला कसं वाटतं ते बघ. दोन तासांत चुळबुळ झाली तरी जा जैसलमेरला, पण मग तिथले दिवस थोडे कमी ठरव. मला पहिल्यांदा चाळीस मिनिटांत घरी परत यावंसं वाटलं होतं.

येताना सांगरी घेऊन ये, वाळवलेली मिळते, खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे आपली शमीच, दसऱ्याला पूजतो ती, तिथे तिची भाजी करतात कैरासोबत (कैर म्हणजे तिथली छोटी रानफळं, आपली कैरी नव्हे), तेलमसाल्यात. रात्रभर भिजत घालावी लागते. सासूबाईंच्या हातात दिलीस की त्या त्यात ओलं खोबरं घालणार हे मी आत्ताच लिहून देते. कशी लागली ते कळव.